अर्ध्या पोथीची रुजुवात

वलाता, २६ सफर १४०९

यहदीह यांस सलेखाचा सलाम.

तुमचं पत्र नेम्याहून येणाऱ्या ट्रकवाल्या बाबीने आणून दिलं. पहिल्या ओळीत आई गेल्याचं दुःख, दुसऱ्या ओळीपासून खाली सहीपर्यंत पोथी. मला राग आला नाही. आपला काडीमोड होऊन इतकी वर्षं झाली, राजधानीत तुमचं दुसरं घर आहे, मुलंबाळं आहेत, आणि आमच्या घराशी तुमचा संबंध होता तो पोथीचाच. तुम्ही लग्न पोथीशी केलंत, मी आंदणात आले. पूर्वी हे शेजारची तेकबर म्हणायची आणि मी तिच्या अंगावर धावून जायची. आता मीच म्हणते.

विचारलंत तेवढं सांगते. पाऊस आमच्या वाळवंटात येतो आणि चहा व्हायच्या आत निघून जातो. यंदा मुक्कामाला राहिला. मातीची घरं भिजून फुगली. आम्ही सगळे अंगणात येऊन उभे होतो, आईसुद्धा. मग ती परत आत गेली. सांगून गेली नाही, कारण सांगितलं असतं तर मी धरून ठेवलं असतं. छत खाली आलं तेव्हा फार आवाजही झाला नाही, माती ओली होती. उपसल्यावर पोथीची चामड्याची थैली आईच्या पोटाखाली सापडली. थैलीला साधा ओरखडा नव्हता, पण पाणी आत शिरलं होतं. आपली शाई कोळशाची आणि डिंकाची. पानं सगळी मिळाली, पण त्यांवर अक्षर राहिलं नव्हतं, नुसता राखाडी रंग होता.

तर मूळ पोथी आता नाही. पणजोबांनी जन्मभर गावाच्या भांडणांवर जे निवाडे दिले, विहिरींचे, उंटांचे, वाटण्यांचे, मिठाचे, ते आता फक्त तुम्ही इथून नेलेल्या नकलेत आहेत. तुम्ही म्हणता की राजधानीतली हस्तलिखितांची संस्था ती नक्कल घ्यायला तयार आहे, पण ती मुळाबरहुकूम असल्याची घरातल्या माणसाची ग्वाही तिला हवी. घरातलं माणूस म्हणजे मी.

पहिल्या अर्ध्या भागाची ग्वाही मी आजही देते. पोथीला परक्याचा हात लागायचा नाही ही पणजोबांची वक्फाची अट, म्हणून मूळ माझ्या मांडीवर असायचं, मी वाचायची आणि तुम्ही ऐकून लिहायचात. लिहून झालं की रुजुवात. मी तेच पान पुन्हा वाचायची, तुम्ही आपल्या पानावरून बोट फिरवायचात, शब्दाला शब्द जुळला की समासात खूण. त्या खुणा विहिरींच्या प्रकरणापाशी थांबतात. पुढचा भाग मी आजारी होते म्हणून आईने वाचला. तो संपला, आणि तुम्ही रुजुवातीला न थांबता पानं बांधून निघून गेलात. गरज सरो, वैद्य मरो.

न पाहिलेल्या पानांवर मी ग्वाही देणार नाही. दुसरा अर्धा भाग इकडे पाठवा.

मी बरी आहे. जेवते, झोपते. पावसानंतर गावातल्या बायकांनी भिंतींवर पांढऱ्या मातीची नक्षी पुन्हा काढायला घेतली आहे. आमची नवी भिंत कोरीच आहे. बोटं मातीत बुडवते, काय काढायचं ते सुचत नाही, मग हात धुऊन टाकते.

सलेखा


वलाता, २१ रबिलावल १४०९

यहदीह यांस,

मला उत्तर न देता तुम्ही ददाहमामाला पत्र लिहिलंत. तो गावचा काझी असला तरी आधी माझ्या आईचा भाऊ आहे, हे तुमच्या लक्षात राहिलं नसावं. तुमचं पत्र तो माझ्याच चुलीपाशी बसून मोठ्याने वाचत होता.

"सलेखा, तुझा नवरा लिहितो..."

"मामा, मला नवरा नाही."

"बरं बाई. जो नाही, तो लिहितो की पानं हातात पडली की तू ती परत देणार नाहीस. आधी माझ्यासमोर शपथ घ्यायची."

"आमच्या घरचं खाऊन आमची पोथी घेऊन गेला, आणि शपथ मी घ्यायची?"

"चोराच्या मनात चांदणं," मामा म्हणाला. "तू शपथ घे. तेवढ्याने त्याला झोप लागत असेल तर लागू दे."

घेतली. मामाची मोहोर असलेला कागद सोबत आहे. त्यात दोनच गोष्टी आहेत: दुसऱ्या भागाची शुद्ध प्रत ग्वाहीसकट तुम्हाला मिळेल, आणि एक प्रत वलात्यात राहील. दुसरी गोष्ट मान्य नसेल तर पहिलीही विसरा. पोथी गावाची आहे. ती राजधानीत लोखंडी कपाटात जाऊन बसेल आणि आम्ही इथे तोंडं पाहत बसू, असं होणार नाही.

तोंडं पाहणं सुरू झालंच आहे. गेल्या आठवड्यात तेकबरचा भाऊ आणि त्याचा पलीकडचा शेजारी उत्तरेच्या विहिरीवरून भांडत माझ्या अंगणात आले. पूर्वी असं झालं की आई पोथी काढून तेवढं पान वाचायची आणि दोघं चहा पिऊन घरी जायचे.

"ज्याने गाळ काढला त्याचे उंट आधी! तुझ्या पणजोबांचे शब्द आहेत!" तेकबरचा भाऊ.

"हो, पण त्याच्यापुढे 'परंतु' होतं!"

"कसलं परंतु?"

"ते नब्गूहा जिवंत होती तोवर सगळ्या गावाला माहीत होतं!"

मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. ते 'परंतु' मला पाठ आहे. लहानपणापासून रोज दुपारी आई पोथी वाचायची आणि मी ऐकायची. मी म्हणून दाखवलं. दोघांनाही पटलं नाही.

"पान कुठे आहे?" तेकबरचा भाऊ म्हणाला. "पानाशिवाय तू नुसती नब्गूहाची मुलगी."

त्याचं चुकलं नाही. मी चहा केला, त्यांनी घेतला, आणि बाहेर जाऊन पुन्हा भांडले. मला त्यांचं वाईटही वाटलं नाही आणि हसूही आलं नाही. आजकाल असंच आहे. चहाचा तिसरा, सगळ्यांत गोड पेलाही मला पहिल्याइतकाच कडू लागतो.

सलेखा


वलाता, ८ जमादिलावल १४०९

यहदीह यांस,

पानं पोचली. बिस्किटांच्या डब्यात घालून पाठवलीत ते बरं केलंत, बाबीने डबा स्वतःच्या पायाशी ठेवून आणला. तुमचं अक्षर अजून पूर्वीसारखंच सुंदर दिसतं. त्यात कोणी खोट काढू शकणार नाही.

मूळ नसताना रुजुवात कशी करायची, असं मी मामाला विचारलं. तो म्हणाला, ज्याने मूळ मांडीवर घेऊन वाचणाऱ्याकडून ते ऐकलं, त्याच्या कानाची ग्वाही चालते, पण अशी दोन माणसं हवीत. दुसरा तो, त्यानेही ती बहिणीकडून ऐकलेली. म्हणून रोज सकाळी मी तुमची पानं वाचते, मामा डोळे मिटून ऐकतो, आणि आमच्यातल्या कोणाला काही खटकलं तर थांबतो.

पहिल्याच सकाळी थांबलो. मी वाचत होते, "विहीर दोघांच्या सामाईकीची असेल आणि एकाने गाळ काढला असेल, तर त्याने प्रथम, हे शेळी, निघ येथून, माझ्या बाजरीस तोंड लावू नकोस, आपले उंट पाजावेत."

मामाने डोळे उघडले. "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. शेळी तिथेच होती.

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग फेट्याच्या टोकाने डोळे पुसत म्हणाला, "ताईच. दुसरं कोण!"

कसं झालं असेल ते मला दिसतं. जावयाने सासूपुढे तोंड दाखवायचं नाही, दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, हे आपल्याकडे लेकरालाही कळतं. आई पडद्यामागे पोथी घेऊन बसलेली, तुम्ही पडद्याच्या अलीकडे, पाठ करून, फेटा नाकापर्यंत ओढून. 'हे पोथीतलं की तुमचं?' असं विचारायची सोयच नाही. त्यात आईची खोड तुम्हाला माहीत नव्हती: पोथी मांडीवर असली की ती शेळीलाही शुद्ध किताबी भाषेत हाकलायची. कान ऐकत गेले, हात लिहीत गेला. आणि हे सगळं काढायला जी रुजुवात असते, तिला तुम्ही थांबला नाहीत.

पानोपानी हेच आहे. वारसांच्या वाटणीत मुलीचा हिस्सा सांगता सांगता, "तेकबर, तिसरा पेला कोणास दिलास? तो गोड असतो, तो मज हवा." हरवलेल्या उंटाच्या निवाड्यात, "ददाह आलासे वाटते. आता हा जेवल्यावाचून हलावयाचा नाही."

ह्यावर मी मामाकडे पाहिलं.

"खोटं आहे," मामा म्हणाला. "म्हणजे ती बोलली असेल. पण खोटं आहे."

चुकीच्या शब्दांवर शाई फासायची नसते, पान खराब होतं. सुरुवातीच्या शब्दावर बारीक 'इथून', शेवटच्या शब्दावर बारीक 'इथवर', म्हणजे मधलं रद्द. मी शेळी रद्द केली. बाजरी गेली. तिसरा पेला गेला. मामाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "माझ्यावर जरा हलक्या हाताने लिही." आणि पुन्हा रडला. मी खूण केली आणि पान उलटलं.

मामाला वाटतं माझं काळीज दगडाचं झालं आहे. तो तोंडावर म्हणत नाही, पण तेकबरला म्हणाला. त्याला कारण माहीत नाही, तुम्हालाही नसेल. कोणाला तरी एकदा सांगायचं तर तुम्ही सगळ्यांत लांब आहात.

पहिल्या पत्रात मी आजारी होते असं लिहिलं. मी आजारी नव्हते हे तुम्ही जाणता. बाळाचं नाव ठेवायचा दिवस उजाडला तेव्हा नाव ठेवायला बाळ राहिलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि भिंतीपलीकडे आई तुम्हाला पोथी वाचून दाखवत होती. शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. काल दफन झालं आणि आज ती वाचत होती. उद्या थांबेल, परवा थांबेल, असं म्हणत मी पडून राहिले. पोथी संपेपर्यंत तो आवाज थांबला नाही.

तुमच्यावरचा राग तुम्ही गेलात तेव्हा तुमच्याबरोबर गेला. आपल्याकडे सोडलेल्या बाईला कोणी नावं ठेवत नाही, उलट काडीमोड झाला की आनंद करतात, तेकबरने ढोल वाजवला. आईवरचा राग मात्र राहिला. एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, पण 'तू का थांबली नाहीस' हे मी तिला कधी विचारलं नाही. पावसात ती पोथीसाठी आत गेली तेव्हाही मला नवल वाटलं नाही. बाळ गेलं तेव्हाही ती पोथीकडेच गेली होती. तिला मातीत ठेवून आलो आणि मी बाजरी निवडायला बसले. रडू येईल म्हणून बायका माझ्याभोवती बसून होत्या, शेवटी कंटाळून उठून गेल्या.

अजून मिठाचं प्रकरण आणि शेवटची पानं राहिली आहेत. ती झाली की ग्वाही पाठवते.

सलेखा


वलाता, ३ जमादिलाखर १४०९

यहदीह,

आज तुला तू म्हणते. तुम्ही म्हणायला जेवढं अंतर लागतं तेवढं आज माझ्याकडे नाही.

मिठाचं प्रकरण अर्ध्यावर आलं होतं. मामा डोळे मिटून बसला होता, किटली निखाऱ्यावर होती, मी वाचत होते. आहे तसं उतरवून देते. तुझंच अक्षर आहे, तरी तुला आठवत नसेल.

"मिठाची लादी वाटेत फुटली आणि उंटवाल्याने ती नीट बांधली होती, तर तोटा धन्याचा. ऊठ रे बाबा आता. पोथी काही पळून जात नाही. सलेखा भिंतीकडे तोंड करून पडलीये, माझ्याशी बोलत नाही, पाणी घेत नाही. तू जा तिच्याजवळ. अरे, लिहितोस काय! आणि बांधणी सैल होती, तर तोटा उंटवाल्याचा."

मी थांबले.

"वाच," मामा म्हणाला.

"मामा, हे पोथीतलं नाही."

"मला कळलं. वाच."

पुन्हा वाचलं. शेळीशी किताबी बोलणारी माझी आई इथे आपल्या घरातल्या भाषेत बोलली आहे. जावयाशी बोलायचं नाही ही रीत तिने जन्मभर पाळली आणि एकदाच मोडली, माझ्यासाठी. पडद्यामागून तिला तुझ्या बोरूची करकर ऐकू आली असणार. म्हणून ते 'लिहितोस काय'. आणि तू तेही लिहिलंस. मी ते पान उजेडात धरून पाहिलं. शाई तीच, ओळ सरळ, कुठे हात थबकल्याची खूण नाही. माझ्या नावावर तर तू आपल्या लिपीत एरवी गाळतात त्या सगळ्या मात्रा दिल्या आहेस, कोणी चुकीचं वाचू नये म्हणून.

त्या पानापुढे मी आईचं बोलणं शोधलं. शेवटच्या पानापर्यंत शोधलं. शेळी नाही, चहा नाही, मामा नाही, कोणाला एक हाक नाही. नुसती पोथी, एकापाठोपाठ एक निवाडे, आणि तुझं अक्षरही तिथून धावतं झालेलं दिसतं, कारण ती धावत वाचत होती. तुझ्याकडून काही होणार नाही हे तिला कळलं, आणि पोथी संपल्याशिवाय तू जाणार नाहीस हेही कळलं. म्हणून ती संपवत होती. भिंतीपलीकडून मी जो आवाज ऐकला तो हा होता. ती तुला माझ्या घरातून बाहेर काढत होती.

मग मी रडले, यहदीह. ओरडून रडले, बाईने मयताच्या दिवशी रडावं तशी. ती गेल्यानंतर पहिल्यांदा. मामाने किटली उतरवली, बाहेर उंबऱ्यावर जाऊन बसला आणि विहिरीचं भांडण घेऊन आलेल्या दोघांना म्हणाला, "आज निवाडा नाही. आज आमच्या घरी माणूस गेलंय. उद्या या." ते दोघंही तिथेच बसून राहिले. तेकबर आत आली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसली.

शपथ मी मोडलेली नाही. दुसऱ्या भागाची शुद्ध नक्कल मी माझ्या हाताने केली आहे, ती बाबीबरोबर येते आहे. मामाच्या आणि माझ्या कानांनी ताडून पाहिलेली, मुळाबरहुकूम, त्याच्या मोहोरेसकट. संस्थेत दे. शेवटच्या पानावर 'सांगणारी नब्गूहा, लिहिणारी सलेखा' असं आहे, त्याला हात लावू नकोस. पहिल्या भागावर तुझं नाव राहील, ते तू कमावलं आहेस. फक्त नकलेसाठी तो भाग इकडे पाठव, गावाला पोथी पुरी लागते.

तुझी पानं वलात्यात राहतील. मामा म्हणतो, काझी म्हणून म्हणतो, की त्या चार ओळींवरही आता इथून आणि इथवर लिहायला हवं, उद्या कोणी तो निवाडा समजून बसेल. मी म्हटलं, बसू दे.

तू तेव्हा बोरू ठेवून उठला असतास तर त्या ओळी कागदावर आल्याच नसत्या, आणि आई मला सोडून पोथीजवळ बसली असंच समजत मी मेले असते. एवढं तुझं देणं लागते.

तरी तू उठायला हवं होतंस.

सलेखा